सटवाजीचा सूर

...अन् मग ईश्वरअप्पांनी तोंडच घातलं की रिकाम्या रांजणात! झरीच्या बँडचे हे मास्तर. मोठ्या पितळी बाज्यांचे खालचे सूर ते असेच घुमवून शोधतात, अन् तिघा वाजवणाऱ्यांना वाटून देतात. तिघांनी आळीपाळीनं दम घ्यायचा, म्हणजे सूर तुटत नाही. त्यातला सटवाजी तीन वर्षांपूर्वी पुण्याला कंपनीत गेला. त्याचा सूर अप्पांनी अजून कुणाला दिलेला नाही. चाल तिथं पोकळ वाजते, लोक नावं ठेवतात.

परवा मीच म्हणालो, "अप्पा, द्या की दुसऱ्याला. न्हाई तर लग्नाच्या सुपाऱ्या जातील."

अप्पा म्हणाले, "जाऊ द्या, आबा. दिवाळीला त्यो आला अन् त्याच्या जागी दुसराच वाजवायलाय असं दिसलं, तर बाजा न उचलताच माघारी जाईल त्यो."