मोठ्यानं सांगितलेलं माप

गल्लीत सगळे तिला टेपबाई म्हणायचे. शाळेचे युनिफॉर्म शिवणारी बाई. गळ्यात दिवसभर टेप, तोंडात टाचण्या, आणि टाचण्या काढल्या की तोंडाचा पट्टा सुरू. मापं घेताना ती आकडे मोठ्यानं सांगायची आणि काज-बटणं करणारी मावशी कोपऱ्यात बसून वहीत उतरवायची. वीस वर्षं हे असंच चाललं होतं. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. निदान टेपबाईला तरी.

शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात दुकानात मुलींची रांग लागली. त्यात तिची चौदा वर्षांची लेकही होती, वर्गातल्या मैत्रिणींबरोबर. लेकीचा नंबर आला. टेपबाईनं तिच्या कमरेभोवती टेप फिरवली, सवयीनं आकडा सांगितला आणि वर जोडून दिलं, “मावशी, कापडाचा अख्खा तागाच काढ गं बाहेर!”

रांग खदखदून हसली. टेपबाईही हसली. लेक हसली नाही, रडलीही नाही. पिशवी उचलून घरी निघून गेली.

पुढच्या तीन महिन्यांत लेक आणखी सुटली. टेपबाईनं मग स्वतःला सुचला तो उपाय केला. बिस्किटांच्या कपाटाला कुलूप घातलं, लेकीच्या ताटात निम्मंच वाढायला लागली आणि येता-जाता टोमणे मारायला लागली. लेक गपचूप जेवून उठायची. एकदा चादर बदलताना गादीखालून चॉकलेटचे चुरगळलेले कागद निघाले, पंधरा-वीस तरी. टेपबाईनं ते लेकीपुढे टाकून तिला फैलावर घेतलं.

मग शाळेतून बोलावणं आलं. खेळाच्या बाई म्हणाल्या, “तुमची मुलगी माझ्या तासाला येतच नाही. बाथरूममध्ये बसून राहते. मुली तिला ‘तागा’ म्हणून चिडवतात.”

“कुणी पाडलं हे नाव?” टेपबाई तडकून म्हणाली. “आत्ता बोलवा तिला माझ्यासमोर!”

बाई जरा घुटमळल्या. “मुली म्हणतात, ते तुमच्याच दुकानात पडलं.”

टेपबाईचे कान तापले. शाळेच्या फाटकापर्यंत तिला मान वर करवली नाही.

त्याच आठवड्यात ती लेकीला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी आईला काहीच विचारलं नाही, मुलीकडे वळल्या. “शाळेतून आल्यावर काय खातेस गं?”

“बेकरीतलं काहीतरी. आणि कोल्ड्रिंक. आई दुकानात असते ना. लहानपणापासून तसंच आहे.”

लहानपणापासून! मशीनखाली बसलेली दोन वर्षांची पोर टेपबाईला आठवली. पोरीनं किरकिर करू नये, शिवण थांबू नये, म्हणून तिच्या हातात गोड पाव कोण देत होतं? आता कुलूप घालणारेही तेच हात. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

“वजनाच्या मागे लागू नका,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “वाढतं वय आहे तिचं. उपाशी ठेवाल तर ती चोरून खाईल. बदलायचं तर घरात सगळ्यांनी बदला. तिच्यासाठी वेगळं ताट नको आणि वजनाबद्दल चकार शब्द नको.”

जिना उतरताना टेपबाई मधेच थांबली. “माझं चुकलं गं.”

“कुठलं?” लेकीनं विचारलं.

“कुलूप,” टेपबाई म्हणाली. “आणि तो तागा.”

“मुली हसल्या त्याचं मला एवढं वाटलं नाही,” लेक पायरीकडे बघत म्हणाली. “तू हसलीस, आई.”

त्या दिवशी टेपबाईनं कपाटाचं कुलूप काढलं. दुपारी दुकान तासभर बंद ठेवून ती घरी जायला लागली. लेक आली की दोघी मिळून भाजी चिरायच्या आणि गरम जेवायच्या. बसवर ड्रायव्हर असलेला नवरा कोल्ड्रिंकची बाटली सुटली म्हणून पंधरा दिवस फुगून बसला, मग विसरला. तयार कपडे पोचवायला टेपबाई स्कूटरऐवजी पायी निघायला लागली. “येतेस का?” एवढंच ती विचारायची. लेक यायची, पण पलीकडच्या फुटपाथवरून, जणू ओळखच नाही. टेपबाई मुकाट्यानं चालायची. दोन-अडीच महिन्यांनी लेक रस्ता ओलांडून शेजारी आली आणि हातातली एक पिशवी तिनं काढून घेतली.

दुकानात आता पडद्याआड मापं होतात. टेपबाई तोंड मिटून स्वतःच आकडे लिहिते. “माझी नोकरी खाल्लीस की गं!” मावशी म्हणते.

वर्ष झालं. लेकीचं वजन फारसं उतरलेलं नाही, उंची मात्र वाढली आहे. तीन जिने ती न थांबता चढते. डॉक्टरीणबाई खूश आहेत. मुलीही ‘तागा’ विसरल्या असाव्यात. टेपबाईला ते कुणाला विचारायचा धीर झालेला नाही.

लेक हल्ली रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर बॅडमिंटन खेळते. पहिल्याच दिवशी बूट बांधताना ती म्हणाली, “बघायला येऊ नकोस हं, आई. मी सांगेन तेव्हा ये.”

का, हे टेपबाईनं विचारलं नाही. रविवारी त्या वेळेला ती घरातच काहीबाही आवरत राहते. अजून बोलावणं आलेलं नाही.