कातड्याच्या मिठातले लाल जीव

माझे वडील, आबा, धुळ्यात कातड्यांच्या गोदामात मीठ लावायचं काम करत. ओलं कातडं पसरायचं, आतल्या बाजूला जाडं मीठ चोळायचं, थप्पी रचायची. उन्हाळ्यात त्यावर लाल डाग पडत आणि माल बाद होई. मग शेठ सगळ्यांसमोर म्हणायचा, "तुझ्या हातालाच घाण आहे." आबा मान खाली घालून ऐकत. मला शेठचा राग यायचा, आणि त्या मानेचाही.

घरी मात्र ते अहिराणीत सांगत, "झाडीसन गोळा करेल जुनं मीठच परत वापरतस. त्या मिठमाच काहीतरी जित्तं शे."

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी जळगावला सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत होते. सरांनी प्रकल्प दिला: मिठात वाढणारे जीवाणू शोधा. बाकीच्यांनी किराणा दुकानातून खडेमीठ आणलं. मी गोदामातलं जुनं मीठ डब्यात भरून नेलं. वासाने सरांनी डबा व्हरांड्यात ठेवायला लावला.

ते मीठ मी जीवाणू वाढवायच्या खारट माध्यमाच्या बशांत पेरलं आणि बशा वाळू नयेत म्हणून त्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून ठेवल्या. तिसऱ्या आठवड्यात माझ्या बशांवर लाल ठिपके उगवले. साधे जीवाणू ज्या मिठात मरतात, त्यात हे सुखाने वाढत. साध्या पाण्यात टाकले की फुटून जात. त्यांचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, कडक खाऱ्या पाण्यातही प्रथिनं तोडत होतं. सर हरखले. कारखान्यांचं खारट सांडपाणी साफ करायला याचा उपयोग होईल, म्हणाले. लगेच लेख लिहायला घेतला.

मसुद्यात मी वाचलं: 'नमुना: बाजारातलं समुद्री मीठ.'

"सर, ते कातड्यांच्या गोदामातलं आहे."

"मीठ समुद्राचंच ना?"

"पण हे जीव तिथे सापडलेत. माझ्या वडिलांनी सांगितल्यामुळे सापडलेत."

"कातडं-बितडं कशाला लिहायचं? वाचणाऱ्याला कसंतरीच होतं. तुझ्याच भल्याचं सांगतोय."

माझं भलं. माझं आडनाव वाचून ज्यांनी पहिल्याच दिवशी वडील काय करतात हे विचारलं होतं, ते आता माझं भलं करत होते.

माझ्या प्रबंधात मी खरं तेच लिहिलं: गोदाम, कातडं, आणि डाग जुन्या मिठाने पडतात हे निरीक्षण वडिलांचं. सर सही करेनात. मी ते वाक्य खोडेना. तीन दिवस त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून राहिले. शेवटच्या दिवशी त्यांनी वर न बघता सही केली. लेख मात्र बाजारातल्या मिठासकट छापून आला. त्यात माझं नाव दुसरं होतं, वडिलांचा उल्लेखही नव्हता.

मग मी धुळ्याला आले. कातड्याचे दोन तुकडे घेतले, एकाला नवं मीठ लावलं, दुसऱ्याला जुनं, आणि जुन्यावर लाली चढल्यावर दोन्ही शेठपुढे ठेवले. त्याने दोन्ही तुकडे उलटून पाहिले. "शिकलेली पोरगी आहे," एवढंच म्हणाला. त्या उन्हाळ्यात गोदामात नवं मीठ आलं, डाग जवळजवळ थांबले. आबांना मात्र तो एक शब्दही बोलला नाही.

"आबा, त्याला विचारा तरी," मी म्हटलं, "इतकी वर्षं तुमच्या हातांना का दोष दिला?"

"माले म्हाईतच व्हतं ना, पोरी," ते म्हणाले.

त्यांना तेवढं पुरलं. मला अजून पुरलेलं नाही.