पोटातला ह

शब्दाच्या पोटातला ह मला म्हणता येत नाही, हे अठरा वर्षांची होईपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? खालापूर तालुक्यातल्या आमच्या गावात सगळेच ‘आमी’ आणि ‘तुमी’ म्हणतात. ‘हाय’ मधला ह आमच्या तोंडून दणकून निघतो, कारण तो दारातच उभा असतो. पण म, न, र यांच्या आड दडलेला ह बोलता बोलता कुठे गळतो ते आम्हालाच कळत नाही.

मी तेव्हा कर्जतच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. कॉलेजातले निम्मे शब्द मला कळायचे नाहीत आणि विचारायची लाज वाटायची. एक दिवस मॅडम वर्गात येऊन म्हणाल्या, “एका विद्यार्थिनीला लेखनिक पाहिजे. ज्यांचं अक्षर चांगलं आहे त्यांनी हात वर करा.” दाखले मिळतात त्या ऑफिसात एका टेबलावर ‘लेखनिक’ अशी पाटी मी पाहिली होती. मला वाटलं, नोकरी आहे. मी हात वर केला, तोही अर्धाच. बाकी कुणीच केला नव्हता.

म्हणजे सुरुवात सेवेतून झाली नाही. ती माझ्या अडाणीपणातून झाली, हे आधी लिहून टाकलेलं बरं.

नंतर मॅडमनी समजावलं. भिसेगावात एक मुलगी राहते, तिला जन्मापासून दिसत नाही. तिची पदवी इतिहासाच्या एका पेपरावर अडली आहे. परीक्षेत ती सांगणार आणि दुसऱ्या कुणीतरी ते उत्तरपत्रिकेत लिहायचं. त्यालाच लेखनिक म्हणतात. लेखनिक खालच्या वर्गातला लागतो, म्हणून त्या आमच्या वर्गात आल्या होत्या. मला ‘नको’ म्हणायचं धाडस झालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी भिसेगावात गेले.

ती माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी होती. मी पहिल्या दिवसापासून तिला ताई म्हटलं. दार तिच्या आईने उघडलं. काकूंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत वळून म्हणाल्या, “आली गं तुजी लिवणारी. बारकीशीच हाय.”

“बारकी असू दे. वाचून दाखव म्हणावं,” आतून आवाज आला.

ताई पलंगावर मांडी घालून बसली होती. तिने पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि प्रकरणाचं नाव सांगितलं. मी घसा खाकरून वाचायला लागले, “मराठी सत्तेचा रास.”

“काय?”

“मराठी सत्तेचा रास.”

ताई एवढी हसली की तिला ठसका लागला. “सत्तेची रास? कुठं घातली गं, तुमच्या खळ्यात? आणि भात किती निघालं?”

दारात उभ्या काकूंना विनोद कळला नाही. “बराबर तर वाचलान,” त्या म्हणाल्या. त्यावर ताई आणखीच हसली.

मला रडू येत होतं. पुस्तकात ‘ऱ्हास’ असं छापलेलं मला दिसत होतं. डोळ्यांना ह दिसत होता, पण तोंड तो सोडून देत होतं. ताईला ते माझ्या श्वासावरून कळलं असावं. ती एकदम थांबली. “रडू नको. मीपण असंच बोलायचे. शाळेच्या वसतिगृहात गेले तेव्हा मुली माझी नक्कल करायच्या,” ती म्हणाली. मग तिने हात पुढे केला आणि तळवा माझ्या तोंडासमोर धरला. “आता म्हण. ह असला तर माझ्या हाताला वारा लागेल.”

“रास.”

“नाही लागला.”

“र... हास.”

“हे दोन शब्द झाले. परत.”

त्या दुपारी तिच्या तळव्याला वारा लागला नाही. निघताना तिने मला खरी गोष्ट सांगितली. तिचा हा पेपर दोनदा राहिला होता. दुसऱ्या वेळी ती पानभर बोलली आणि लेखनिक मुलाने चार ओळी लिहिल्या. त्याला घरी जायची घाई होती. “मला कसं कळणार?” ती म्हणाली. “पेनाचा आवाज येत होता, मला वाटलं लिहितोय. नंतर कळलं, तो रेघा मारून सजवत होता.” ती ज्या निवासी शाळेत शिकली, तिथे लहान मुलींना शिकवायची जागा तिच्यासाठी ठेवली होती, पण पदवी असेल तरच. आणि घरच्यांनी ही शेवटची वेळ असं सांगून टाकलं होतं. काकू चहा देताना तेच म्हणाल्या, “ह्या टायमाला जमलं तर जमलं. नायतर बस झालं. किती दिवस लोकांच्या हाताकडं बगायचं?”

लोकांच्या हाताकडे. मी माझ्या हाताकडे पाहिलं.

निघण्याआधी चपला घालताना मी म्हणाले, “ताई, मी प्रत्येक परिच्छेद लिहिला की तुला वाचून दाखवीन.” माझ्याकडून तिला मिळालेली ही एकच खात्री होती. बाकी माझ्याजवळ फक्त अक्षर होतं.

त्यानंतर आठवड्यातून तीन दिवस लेक्चर संपलं की मी भिसेगावात जायची. मी वाचायची, ती ऐकायची. उरलेलं मी घरी फोनवर वाचून रेकॉर्ड करून पाठवायची. रात्री तिचा निरोप यायचा, “दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये तुमची कोंबडी चांगलं वाचते. तिचे सगळे ह जागेवर आहेत.”

दिवस भाताच्या झोडणीचे होते. सुट्टीच्या दिवशी मी खळ्याच्या कडेला बसून तोंडासमोर स्वतःचाच हात धरून म्हणत होते, “ऱ्हास, ऱ्हास, ऱ्हास.” बाबा सूप घेऊन भात वारवत होते. त्यांनी दोनतीनदा माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “काय गं ते?”

“ऱ्हास. म्हणजे सगळं हळूहळू कमी होत जाणं, संपणं.”

बाबांच्या हातातलं सूप थांबलं. “आणि ते तू राशीपाशी बसून बोलतेस? ऊठ तितनं! चिंचेखाली जाऊन बोल काय बोलायचं ते.”

मी चिंचेखाली गेले. संध्याकाळी रास झाली. बाबांनी तिला हळदकुंकू वाहिलं आणि पायली घेऊन माप टाकायला बसले. आमच्याकडे पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. “लाभ,” ते म्हणाले आणि पायली पोत्यात रिकामी केली. मग दोन, मग तीन. लहानपणापासून ऐकलेलं, पण त्या दिवशी मी कान देऊन ऐकलं. लाभमधला भ, म्हणजे पोटात ह असलेला ब, त्यांच्या तोंडून अगदी स्वच्छ येत होता. मी तिथेच हात धरून पाहिला. तळव्याला वारा लागत होता. मग ऱ्हासमध्ये का नाही? मी एका श्वासात म्हटलं, “लाभ, ऱ्हास.” वारा लागला. परत म्हटलं, परत लागला. मी ओरडलेच. बाबा म्हणाले, “चिंचेखाली!”

दुसऱ्या दिवशी ताईच्या तळव्यासमोर मी ऱ्हास म्हणून दाखवला. तिने मूठ मिटली, जशी काही मी तिच्या हातात एखादी वस्तू ठेवली होती. मग मी तिला लाभची गोष्ट सांगितली. तेव्हापासून उत्तराचे मुद्दे मोजताना आम्ही एक म्हटलं नाही. ती बोट वर करायची आणि म्हणायची, “लाभ.”

परीक्षा थंडीत होती. आम्हाला ग्रंथालयाशेजारची वेगळी खोली दिली होती. आम्ही दोघी आणि एक पर्यवेक्षक सर. सरांनी आधीच सांगितलं, “प्रश्न आणि उत्तर, याखेरीज एक शब्द नको.” मी मान हलवली. ताईने हलवली नाही, कारण तिला माझी मान दिसली नव्हती. “हो सर,” ती म्हणाली.

प्रश्नपत्रिका हातात आली आणि तिसऱ्याच प्रश्नावर माझी नजर अडकली. मराठी सत्तेच्या ऱ्हासाची कारणे स्पष्ट करा. पहिले दोन मी कसे वाचले ते आठवत नाही. तिसऱ्याशी आले तेव्हा ताईने न बोलता हात उचलला आणि माझ्या तोंडासमोर धरला.

“हे काय चाललंय?” सरांनी विचारलं.

“सर, मला नीट ऐकू यावं म्हणून,” ताई शांतपणे म्हणाली.

मी वाचलं. तिच्या बोटांनी वारा पकडला. “हा घेऊ पहिल्यांदा,” ती म्हणाली आणि बोट वर केलं. शब्द उच्चारला नाही, पण मला ऐकू आला.

मग ती बोलायला लागली. ती एवढं सलग बोलू शकते, हे दोन महिन्यांतही मला कळलं नव्हतं. मी लिहीत होते, परिच्छेद संपला की वाचून दाखवत होते, ती “पुढे” म्हणत होती. जादा वेळ होता तरी पुरत नव्हता. शेवटच्या तासाला माझा अंगठा बधिर झाला. त्या मुलाने रेघा का मारल्या असतील, हेही मला तेव्हा समजलं. राग मात्र गेला नाही. शेवटचं उत्तर संपलं तेव्हा थोडीच मिनिटं राहिली होती. तिसऱ्या प्रश्नाचा अखेरचा परिच्छेद वाचायचा राहिला होता. तो लिहून होताच सरांनी मध्येच वेळ सांगितली होती आणि आम्ही घाईने पुढे गेलो होतो. मी पानं मागे उलटली.

“झालं ना लिहून? मग द्या आता,” सर म्हणाले.

मी आयुष्यात कुठल्याही सरांना उलट बोलले नव्हते. बसच्या कंडक्टरकडे उतरायचं आहे म्हणून सांगायलाही मला दोन स्टॉप लागायचे. पण मी त्यांना वचन दिलं नव्हतं, ताईला दिलं होतं.

“नाही सर,” मी म्हणाले. “वेळ आहे. राहिलेला परिच्छेद मला वाचून दाखवायचा आहे. तिला ऐकायचा हक्क आहे.”

सरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मानेनेच परवानगी दिली. मी वाचू लागले. “ही सत्ता एका लढाईमुळे संपली, ती आतून...”

“थांब,” ताई म्हणाली. “संपली नाही.”

मी पाहिलं. ओळीच्या टोकाला ‘संपली’ होतं आणि पुढची ओळ ‘ती’ने सुरू होत होती. मधला ‘नाही’ मी लिहिलाच नव्हता. ताईचं सगळं उत्तर त्या एका नाहीवर उभं होतं, आणि मी तो खाल्ला होता. तोही पोटात ह असलेला शब्द. काकपदाची खूण करून मी तो वर लिहिला, नीट, वाचता येईल असा. पूर्ण परिच्छेद वाचला. ताईने “हं” म्हटलं आणि घंटा झाली.

बाहेर आल्यावर मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “माफी कशाला? त्या मुलाने मला विचारलं नव्हतं, तू वाचून दाखवलंस.” मग थोडं चालल्यावर म्हणाली, “आणि सरांना काय म्हणालीस गं? नाही सर! आणि नाय नव्हे, चक्क नाही. मी हात धरला नव्हता तरी वारा आला माझ्याकडे.”

निकाल लागला तेव्हा मी तिच्याकडेच होते. तिचा फोन तिला मोठ्याने वाचून दाखवतो, पण तिने तो बंद केला आणि माझ्या फोनवर निकाल उघडायला लावला. “तूच वाच,” ती म्हणाली. काकू आमच्याकडे पाठ करून देवासमोर बसल्या होत्या. ताईने तळवा माझ्या तोंडासमोर धरला. पान उघडायला वेळ लागत होता. मग उघडलं.

“उत्तीर्ण!”

तिचा हात तसाच राहिला. “या शब्दात ह नाही गं,” ती म्हणाली आणि मग रडायला लागली.

काकूंनी मला एवढं घट्ट धरलं की फोन हातातून पडला. “माजे बाय, माजे बाय,” एवढंच त्या म्हणत होत्या. बाबांनी माझ्याकडे नव्या भाताचे तांदूळ दिले होते, निकाल काहीही लागला तरी द्यायचे म्हणून. मी पिशवी पुढे केली आणि सांगितलं, “पहिल्या मापाचे आहेत. लाभाचे.” काकूंनी त्यातलेच चार दाणे ताईच्या कपाळाला लावले, मग माझ्या.

आमच्यात कुणी कुणाचे आभार मानले नाहीत. त्याबद्दल बोलायची वेळ कॉलेजच्या कार्यक्रमात आली. मॅडमनी मला सेवेवर दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी घरी कागदावर पहिलं वाक्य लिहिलं, “मी एका अंध विद्यार्थिनीची सेवा केली.” वाचून पाहिलं आणि खोडलं. मी तिला तीन-चार तासांचं अक्षर दिलं होतं. तिने मला अख्खा आवाज दिला होता. याला सेवा म्हणायचं, तर ती नक्की कुणी केली? रात्रीपर्यंत मला दुसरं वाक्य सुचलं नाही. तो खोडलेला कागद घेऊनच मी स्टेजवर गेले.

हॉल भरलेला होता. ताई पहिल्या रांगेत बसली होती. पुढच्या आठवड्यात ती शाळेत रुजू होणार होती, नवी ओढणी घेऊन आली होती. शेजारी काकू, आणि मागे उभे बाबा, एका दिवसाचं काम सोडून आलेले. माइकमधून माझा श्वास सगळ्यांना ऐकू गेला. तेवढ्यावरून ताईने ओळखलं. तिने बसल्या जागेवरून हात उचलला आणि तळवा माझ्या दिशेने धरला.

मी त्या तळव्याकडे पाहिलं आणि म्हणाले,

“आम्ही दोघींनी एक पेपर लिहिला.”