कुरणाचा गार्ड

फीत कारकुनाच्या गळ्यात होती. माझ्या पुढच्या सगळ्या पोरांची छाती त्यानं त्याच फितीनं मोजली. कोणाच्या पाठीवर थाप मारली, कोणाला म्हणाला, "भाकरी खातोस की नुसतं ताक पितोस?" माझी पाळी आली तेव्हा त्यानं विचारलं, "कुठं राहतोस गावात?"

"म्हारवाड्यात."

त्यानं फीत गळ्यातून काढली आणि खिशात ठेवली. जंगलखात्याच्या बंगल्याच्या आवारात चिंचेखाली म्हैस बांधलेली होती. तिचं दावं शिपायाला सोडून आणायला लावलं आणि माझ्या पायाशी टाकलं.

"तूच गुंडाळ छातीला. गाठ मार आणि खाली टाक."

मी सदरा काढून उभा होतो. दाव्याला ओलं शेण होतं. ते माझ्या छातीला, काखेत लागलं. मागून कोणीतरी म्हणालं, "दात बी बगा रावसाहेब, वय कळंल." सगळी रांग हसली. रेंजरसाहेब व्हरांड्यात बसून चहा पीत होते. ते हसले नाहीत. त्यांनी थांबवलंही नाही. बशीत चहा ओतला आणि फुंकर मारली.

मी गाठ मारली. दावं खाली टाकलं. कारकुनानं ते काठीच्या टोकानं सरळ केलं आणि जमिनीवर मोजलं.

"बसतोय मापात," तो म्हणाला. त्याला वाईट वाटलं असावं.

ते लढाईचे दिवस होते. नगरच्या छावणीत लष्कराच्या खेचरांना गवत लागायचं. आमच्या गावाला लागून, काष्टीच्या बाजाराला जाणाऱ्या वाटेवर, सरकारचं बंद कुरण होतं. तिथं गुरं चारायची नाहीत, झाड तोडायचं नाही, आग लावायची नाही. तिथला गार्ड पलटणीत भरती झाला आणि जागा रिकामी पडली. धडधाकट माणसं मिळत नव्हती. म्हणून मी बसलो मापात.

जंगलखात्याचं काम आमच्या घराला नवं नव्हतं. माझा बा गावचा येसकर, वेशीचा राखणदार. साहेबाचा तंबू आला की जळण बानं फोडायचं, घोड्याला गवत बानं आणायचं, पुढच्या गावापर्यंत सामान बाच्या डोक्यावर. फुकट. त्याला वेठ म्हणत. फुकट राबताना आमचं माप कोणी घेतलं नव्हतं. पगाराची नोकरी मागितली तेव्हा घेतलं.

खाकी सदरा मिळाला, अर्धी चड्डी मिळाली, पितळेचा बिल्ला मिळाला. आय सदऱ्यावरून हात फिरवत राहिली. बा लांबूनच बघत होता.

"ह्यो घालून गावातून जाऊ नगंस," तो म्हणाला. "वड्यानं जा."

मी गावातूनच गेलो. चावडीपुढं पाटील बसले होते. मी राम राम केला. म्हारानं वाकून घालायचा जोहार घातला नाही. त्यांच्या शेजारी बसलेला पुतण्या थुंकला. सारा गाव त्याला धाकटा पाटील म्हणायचा. माझ्याच वयाचा. शाळेत तो आत बसायचा आणि मी बाहेर पायरीशी.

कुरण मला आवडायला लागलं. खोटं कशाला सांगू. पवन्या गवत कमरेला लागायचं. वारं सुटलं की सगळा माळ एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळायचा. काळविटांचा कळप यायचा. मधोमध जुनी हिवराची झाडं होती, वाकडी, काटेरी, पण उन्हाळ्यात सगळ्या माळावर सावली तेवढीच. गावात माझी सावली पडली तर लोक पाणी फेकून देत. इथं काळवीट माझ्याकडं बघायचं आणि पुन्हा चरायला लागायचं.

आधीचा गार्ड एक करायचा. गरिबाच्या बाईचा विळा हिसकून घ्यायचा आणि पाटलाचे बैल आत चरत असले की पाठ फिरवायचा. मी ठरवलं, कायदा एकच. विळा परत द्यायचा नसेल तर बैलही सोडायचा नाही. बाया माझ्यावर चिडल्या. त्यांनी शिव्या दिल्या, मी ऐकून घेतल्या. वाळलेलं जळण वेचायला मुभा होती, ते मी त्यांना दाखवून दिलं. मग हळूहळू त्या बोलायला लागल्या. त्यातलीच एक म्हातारी एका सकाळी पळत माझ्या कुरणातल्या खोपीवर आली.

"गार्डा, हिवर पाडत्यात रं."

मी गेलो तेव्हा एक झाड आडवं झालं होतं. दुसऱ्यावर घाव चालू होते. धाकटा पाटील बैलगाडीच्या जुवावर बसला होता. त्याच्या गुऱ्हाळाच्या चुलवणाला जळण हवं होतं. घाव घालणारा त्याचा गडी होता.

मी म्हणालो, "बंद कुरण हाय हे. झाड तोडता येनार न्हाई."

"कोन म्हन्तंय?"

"गार्ड म्हन्तोय."

तो उठून उभा राहिला. डोळ्यांवर हात धरून चारी दिशांना बघितलं. "गार्ड कुटं दिसंना. येसकराचं पोरगं तेवडं दिसतंय."

मी पुढं झालो आणि गड्याच्या हातातल्या कुऱ्हाडीच्या दांड्याला हात घातला. गड्यानं दांडा लगेच सोडून दिला. भिऊन नाही. माझा हात त्याच्या हाताला लागेल म्हणून. विटाळ माझ्या कामाला आला तो तेवढाच.

कुऱ्हाड माझ्या हातात राहिली. मी सांगितलं, "ही सरकारजमा. रेंजरसाहेबांकडं जाईल."

धाकट्या पाटलाचा चेहरा पांढरा पडला. त्यानं गाडी वळवली आणि गेला. मी कुऱ्हाड हद्दीच्या दगडांच्या ढिगात खोल घालून ठेवली.

दुपार कलायच्या आत ते परत आले. पाचसात जण. लांब काठ्या घेऊन. काठ्या लांब का, ते मला पहिल्या फटक्यानंतर कळलं. मला हात न लावता मारता यावं म्हणून. ढोपरावर मारलं. मी पडलो. मग पाठीवर, डोक्यावर. तोंडात माती गेली. एक दात तुटला, तो मी मातीबरोबर थुंकला.

"कुऱ्हाड कुटाय?"

मी ढिगाकडं डोळे जाऊ दिले नाहीत.

मग मला बांधायचं ठरलं. माझी कापडं काढायची ठरली. म्हाराला खाकी शोभत नाही म्हणून. पण बांधायला आणि कापडं काढायला हात लावावा लागतो. ते एकमेकांकडं बघायला लागले. कोणी पुढं होईना.

"येसकराला बलवा," धाकटा पाटील म्हणाला.

माझ्या बाला आणलं. तो पळत आला होता, धापा टाकत होता. मला बघितलं आणि तो जागच्या जागी बसला. धाकट्या पाटलानं काठीनं त्याला ढोसलं. "ऊट. काड त्याची कापडं. चड्डीसुद्दा."

"मालक, लेकरू हाय माजं."

"म्हनून तर तुला बलावलं."

बा माझ्याजवळ आला. बटणं त्याला लवकर निघेनात. एक एक बटण. मी त्याच्या डोळ्यांत बघत होतो. तो माझ्याकडं बघत नव्हता. सदरा काढला. चड्डी काढली. मग त्यांच्या हुकमानं स्वतःच्या डोक्याचं मुंडासं सोडलं आणि मला त्यानं हिवराला बांधलं. झाडाचे काटे पाठीत शिरले. बा बाजूला जाऊन उभा राहिला आणि तोंडावर हात घेतले. त्यांनी ते हातही खाली करायला लावले. बघ म्हणाले.

हिवराच्याच ओल्या फांद्या तोडून मला मारलं. काट्यांनी मांस उचकटून येत होतं. मी ओरडलो. ओरडलो नाही असं सांगणार नाही. पण कुऱ्हाड कुठं आहे ते सांगितलं नाही.

शेवटी ते दमले. माझी खोप पेटवली. खाकी सदरा त्यात टाकला. बिल्लाही टाकला. आणि गेले.

खोपीची आग गवताला लागली. वाळलेला पवन्या. वारं गावाकडून होतं. आग माळाच्या पोटात शिरायला लागली.

बानं मला सोडलं. "चल," म्हणाला, "पळ हितनं."

मी फांदी उचलली. ज्या फांद्यांनी मला मारलं होतं त्याच तिथं पडल्या होत्या. मी आगीवर मारायला लागलो. नागडा. पाठीतून रक्त गळत होतं. बा थोडा वेळ बघत उभा राहिला, मग त्यानंही फांदी घेतली. ती म्हातारी आली, तिच्या मागं चारदोन बाया आल्या. कोणी एकीनं माझ्या अंगावर पटकूर टाकलं. आग विझली तेव्हा माळाचा एक कोपरा काळा झाला होता. बाकीचा उभा होता.

घरी आय माझ्या पाठीतले काटे काढत होती. बा उंबऱ्याशी बसला होता. तो म्हणाला, "मी कापडं काडली म्हनून तू जिता हायेस. न्हाईतर तुला बी पेटवला असता."

त्याचं खरं असेल. त्यानं मला वाचवलं असेल. पण माझ्या तोंडातून निघालं, "बा, तू मला जिता ठिवला. पर बापाच्या हातनं नागडा झालेला मी, आता कुनाला भ्यायचं राह्यलं?"

तो उठून बाहेर गेला.

पुढच्या बाजारानंतर रेंजरसाहेब आले. उतरले पाटलाच्या माडीवर. जेवले तिथंच. मग चावडीत मला बोलावलं. सगळा गाव जमला होता. आमचे लोक खाली, धुळीत. साहेब खुर्चीवर. मी येताना दगडांच्या ढिगातून कुऱ्हाड काढून आणली होती.

साहेब सावकाश बोलले. आवाज मऊ होता. "हे बघ बाबा, गावाला दुखवून जंगल राखता येत नाही. झालं ते झालं. खोपीला आग तुझ्याच चुलीनं लागली, असं मी वर कळवतो. तुला सांभाळून घेतो. तू फक्त ही कुऱ्हाड डोक्यावर घे, पाटलांच्या दारात नेऊन ठेव आणि चुकलं म्हण. नोकरी राहील."

पाटील सुपारी कातरत होते. धाकटा पाटील हसत होता. खालून बानं माझ्याकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत एकच होतं. ठेव. घे आणि ठेव.

पाठीच्या जखमांवर आयनं हळद लावली होती. घामानं ती चरचरत होती. मला वाटलं, हा माणूस आहे. शिकलेला. तरी यानं माझी पाठ बघायलाही मागितली नाही.

"चुकलं न्हाई," मी म्हणालो. "ही कुऱ्हाड सरकारजमा हाय. तुमी घेत नसाल तर नगरला जाईल."

धाकटा पाटील काठी घेऊन उठला. "म्हारड्या, पुन्यांदा नागडा करू का?"

मी कुऱ्हाड वर उचलली.

विचार केला नाही. हात आपोआप गेला. तो एक पाऊल पुढं आला असता तर मी घाव घातला असता, आणि मान सोडून दुसरीकडं घातला नसता. हे त्याला कळलं. सगळ्यांना कळलं. चावडी मागं सरकली. पाटील सरकले. साहेबाची खुर्चीही मागं सरकली. आजवर लोक माझ्यापासून लांब होत ते विटाळाला भिऊन. त्या दिवशी ते जिवाला भिऊन लांब झाले. दोन्हीतला फरक मी तेव्हा शिकलो. तो कोणत्याही शाळेच्या पायरीवर शिकवत नाहीत.

मी वळलो आणि चालायला लागलो. कोणी अडवलं नाही. काष्टीच्या टेसनावर गाडीत चढलो. अंगात काही नव्हतं, खांद्यावर आयची घोंगडी. घोंगडी सरकली की डब्यातले लोक पाठीकडं बघत.

नगरच्या मोठ्या कचेरीत शिपाई आत सोडेना. मी घोंगडी काढली आणि दारातच उभा राहिलो. येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबायला लागला. शेवटी मोठे साहेब बाहेर आले. त्यांनी पाठ बघितली, कुऱ्हाड बघितली. "आत ये," म्हणाले. मी सगळं सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. मला वाटलं होतं, गोष्ट ऐकून त्यांना राग येईल. त्यांना त्रास झाल्यासारखं दिसलं, राग नाही.

श्रीगोंद्याच्या कोर्टात खटला उभा राहिला, तो झाडाचा. माझ्या पाठीचा नाही. मारहाणीला साक्षीदार मिळाला नाही. म्हातारी बोलायला तयार होती, तिच्या पोरांनी तिला घरात कोंडलं. धाकट्या पाटलानं दंड भरला आणि मिशीवर हात फिरवत बाहेर आला. रेंजरसाहेबांची बदली झाली, दुसऱ्या तालुक्यात, त्याच हुद्द्यावर.

गावानं आमचं दळण बंद केलं. दुकानदार मीठ देईना. बाची येसकरकी काढली. बानं मला बोल लावला नाही. पण माझ्याशी बोललाही नाही. आयनं कोंड्याच्या भाकरी केल्या. महारवाड्यातले काही जण माझ्यावर थुंकले. काही जण रोज येऊन दारात बसायला लागले. पुढच्या खेपेला जंगलखात्याचा तंबू पडला तेव्हा बसणाऱ्यांतला एकही वेठीला गेला नाही.

मोठ्या साहेबांनी मला पुन्हा बोलावलं. म्हणाले, "तुला अकोल्याच्या डोंगरात पाठवतो. तिथं तुला कोणी ओळखत नाही. जिवाला धोका नाही."

चांगलं सांगत होते ते. आयनंही तेच सांगितलं असतं.

"मला तेच कुरन द्या," मी म्हणालो.

"मारतील तुला."

"मारतील. पर मी दुसरीकडं गेलो तर ते म्हनतील, म्हार पळाला. मग तिथं पुन्यांदा म्हार गार्ड व्हनार न्हाई."

त्यांनी कागद पुढं ओढला. मग सही केली.

मी परत आलो तेव्हा कुरणाच्या हद्दीवर धाकटा पाटील बैल घेऊन उभा होता. मुद्दाम. बैलांची तोंडं गवताकडं, पाय अजून बाहेर. अंगावर माझ्या नवा खाकी सदरा होता. तो मी स्वतः घातला होता, बटणं स्वतः लावली होती.

"आमी इसरलो न्हाई," तो म्हणाला.

"मी बी न्हाई. बैल आत आला तर कोंडवाड्यात जाईल."

तो बराच वेळ तिथं उभा राहिला. मीही राहिलो. मग त्यानं बैल वळवले. माझ्या मनात तेव्हा जे पक्कं झालं ते आजही तसंच आहे. पुन्हा कोणी माझ्या अंगावरच्या कापडाला हात घातला, तर मी नगरला जाणार नाही, कोर्टात जाणार नाही, पाठ उघडी करून कोणाला दाखवणार नाही. ते सगळं मी एकदा करून बघितलं. मारायला येतील तर मरेन. पण मी एकटा मरणार नाही.