बोट ठेवलं की जाणारा सूर

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करून करून वाफमावशीच्या बोटांची टोकं इतकी निबर झाली होती, की सुई टोचली तर आधी दिसायची, मग कळायची. असल्या बोटांनी ती युकुलेले शिकतेय म्हटल्यावर बायकांना आयतंच फावलं.

"गिटारचं पिल्लू मांडीवर घेऊन बसतेस म्हणे," घड्या घालणारी म्हणाली. "अंगावर पितं का गं?"

"पितं. आणि तुझ्यासारखं किरकिरत नाही."

युकुलेले नवऱ्याचं. लिफ्टची दुरुस्ती आटपून तो घरी यायचा, चपलांच्या कपाटापाशी उभ्या उभ्याच एक कॉर्ड छेडायचा आणि मग आत यायचा. तो गेला, तसा तो आवाजही गेला. आणि आता लेकीचा फोन आला होता: "आई, नुसतं धूळ खातंय ते. रविवारी नेते. तुझी नात वाजवेल तरी."

नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? वाजवता कुठं येत होतं? रविवारच्या आत तो आवाज एकदा तरी घरात यायला हवा होता.

वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना तिनं तो कसाबसा गुणगुणून दाखवला.

"ए मायनर नाइन. सोप्पंय, काय म्हणतो मी," मास्तर म्हणाले. "सगळ्या तारा मोकळ्या. फक्त खालची तार दुसऱ्या पडद्याशी दाबायची. अहो हळू, इस्त्री नाही ही!"

ती दाबायचीही इस्त्रीसारखीच, सूर चढायचा. मग बोट हलकं झालं, कॉर्ड स्वच्छ वाजली. पण ती घरातली नव्हती.

"काहीतरी कमी आहे."

"असणारच. कॉर्डचं नाव ए सुरावरून, आणि आत ए नाहीच. ती खालची तार मोकळी सोडली तर तोच सूर बोलते, काय म्हणतो मी. तुम्ही बोट ठेवता आणि त्याला घालवता. तो दुसऱ्या कुणीतरी धरायचा, वाद्यानं नाहीतर गळ्यानं."

तेव्हा मावशीला आठवलं. वाजवताना नवरा मिटल्या तोंडानं हुं करायचा. तिला वाटायचं, घसा साफ करतोय.

रविवारी लेक आली ती पिशवी घेऊनच. पिशवीचा बंद तुटलेला. मावशीनं टाचण्या दातांत धरल्या, बंद लावायला बसली, आणि मग राहवेना म्हणून युकुलेले उचलून शेवटचं एकदा छेडलं.

"आई, असं हुं करू नकोस ना," लेक स्वयंपाकघरातून म्हणाली. "अगदी बाबांसारखं. काटा येतो अंगावर."

मावशीनं दाराकडे मान वळवली. लेक दारात आली. तिला आईचे उघडे ओठ आणि दातांतल्या टाचण्या दिसल्या.

"पुन्हा वाजव."

मावशीनं वाजवलं. सूर चपलांच्या कपाटापाशी लागला, जरासा घोगरा, आणि तारा शांत झाल्या तरी तो राहिला.

लेकीनं पिशवीची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. "राहू दे इथंच," ती म्हणाली. "पोरीला दुसरं घेते." दाराकडे जाताना मात्र ती कपाटाला वळसा घालून, भिंतीला चिकटून गेली.

मावशी तशीच बसून राहिली, बोट तारेवर, सूर कपाटापाशी. बोट उचललं, की तार आपणहून तो सूर बोलणार. मग तो धरणाऱ्याला थांबायचं काय कारण?

संध्याकाळ झाली. दिवा लावायचा होता. तिनं बोट उचललं नाही.