भुशाची बटणं

कारखान्यामागे बगॅसचा, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या भुशाचा, ढीग साचायचा आणि आमच्या लॅबमध्ये किस्स्यांचा! भुसा निदान बॉयलर खायचा. किस्से माझ्याकडेच राहिले.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात मी लॅब असिस्टंट होतो. आमचे केमिस्ट जोगळेकर साहेब एकाच गोष्टीने झपाटलेले: भुशापासून प्लास्टिक करायचं आणि त्याची शर्टाची बटणं पाडायची. मॅनेजरांनी बजावलं होतं, "हंगाम संपेपर्यंत एक तरी पक्कं बटण दाखवा. नाहीतर प्रयोगाला कुलूप!"

साहेब म्हणाले, "एक कशाला? पाच दाखवतो!"

*

पहिला अडसर बॉयलरवरचे भागूजी. पोतंभर भुसा मागितला तर आडवे उभे राहिले. "ह्यो बॉयलरचा घास हाय, साहेब. तुमच्या भांड्यात घालाया न्हाई!"

शेवटी तडजोड झाली. बिघडलेला माल बॉयलरला परत द्यायचा. आणि माल तर रोजच बिघडायचा! कधी भुसभुशीत, कधी चिकट. आठवड्याने भागूजी स्वतःच दोन पोती घेऊन दारात हजर.

"साहेब, तुमचा माल लई झ्याक जळतो. आजून बिगडवा!"

साहेबांनी पोती ठेवून घेतली आणि पुन्हा भट्टी पेटवली.

*

भुसा आम्लात उकळला की एक तेल निघतं. त्याला वास थेट बदामाचा. त्या टंचाईच्या दिवसांत कॉलनीभर घमघमाट! तिसऱ्या दिवशी शेजारणींनी साहेबांच्या पत्नीला गाठलं. "काय वहिनी, बदामाचा शिरा एकट्यानेच खाता होय?"

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "शिरा कसला! आमच्या ह्यांनी बटणं शिजायला घातलीत!"

*

साचा नव्हता. साहेबांनी वहिनींचा चकलीचा पितळी सोऱ्या पळवला. त्या तेलात कार्बोलिक ॲसिड मिसळून केलेला गोळा आत भरला, दाबला, तापवला. गार झाल्यावर सोऱ्या उघडेना! उकळला, ठोकला, दोघांनी दोन्हीकडून ओढला. छे! माझा चेहरा पडला. साहेब मात्र नाचायचेच बाकी होते.

"अरे, इतके दिवस हेच तर होत नव्हतं! पाण्याने मऊ पडत नाही, उकळून सुटत नाही!"

वहिनी दारात उभ्या. "मग आता हा सोऱ्याच लावा शर्टाला!"

साहेबांनी लोहाराकडून लोखंडी साचा करून घेतला आणि या वेळी आतून तेल लावायला विसरले नाहीत. दोन दिवसांनी टेबलावर पाच काळी बटणं होती. खरं सांगतो, मला रडू आलं.

*

मॅनेजरांनी बटणं दाताने चावून पाहिली. समाधान नाही! म्हणाले, "भिंगारला लष्कराचे कपडे धुणारे बाबूराव परीट आहेत. त्यांच्या हातच्या आठ धुण्यांनंतर पाचही शाबूत राहिली, तर प्रयोग पुढच्या हंगामातही चालू." कुणी लबाडी करू नये म्हणून बटणं शिवून घेतली स्वतःच्याच ठेवणीतल्या शर्टाला आणि तो शर्ट बाबूरावांकडे धाडला.

दोन आठवड्यांनी मॅनेजर, साहेब आणि मी भिंगारला गेलो. मी मनातल्या मनात देवाचा धावा करत होतो. घाटावर बाबूरावांनी सोडा किती घातला, किती वेळ उकळलं, दगडावर कसं आपटलं, सगळं सविस्तर सांगितलं. मग मूठ उघडली. तळहातावर पाच काळी बटणं, एकालाही चरा नाही.

मॅनेजर इकडेतिकडे पाहू लागले.

"बटनं घ्या, साहेब," बाबूराव म्हणाले. "शर्टाचं तेवढं इचारू नका!"