निळे हात

अंबरनाथ पूर्वेला, पालेगावच्या बाजूला आमची मराठी शाळा आहे. चौथीचा वर्ग माझ्याकडे आला त्या वर्षी पहिलाच निबंध दिला, ‘माझी आई’. वह्या तपासायला घेतल्या आणि सगळ्या आया एकसारख्या निघाल्या. ‘माझी आई छान आहे. ती छान जेवण बनवते. ती मला छान वाटते.’ वहीवरचं नाव झाकलं तर कुणाची आई कोणती, काही कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर ‘छान’ लिहिलं आणि म्हटलं, “हा शब्द फार दमलाय. आपण त्याला थोडे दिवस सुट्टी देऊ.”

“मग बाई, मस्त लिहू?”

“भारी चालेल?”

“आधी मला सांगा, आई घरात चालते कशी? करून दाखवा.”

एक मुलगी उठली. एका कडेवर नसलेलं बाळ, दुसऱ्या हातात नसलेली भरलेली बादली घेऊन ती बाकांमधून एका अंगाने झुकत निघाली. पोरं हसली, मग कुणीतरी ओरडलं, “कलंडत चालते!” मी म्हटलं, “हेच लिही.” पालेगावातल्या शेतकऱ्याच्या घरातली एक मुलगी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “बाई, आमच्यात आईला आयस म्हणतात. पण ते चुकीचं आहे ना?” “तुमच्या घरी चुकीचं वाटतं का कुणाला?” तिने नकारार्थी मान हलवली. “मग इथेही नाही.” तिने पेन्सिल इतकी दाबून ‘आयस’ लिहिलं की मागच्या पानावर उमटलं.

खिडकीजवळ बसणारी एक मुलगी मात्र अडून राहिली होती. तिची आई उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये जीन्सच्या कारखान्यात कामाला होती. शिवून आलेल्या पँटचे उरलेले धागे कापायचं काम. मुलीने लिहिलं होतं, ‘माझ्या आईचे हात छान आहेत.’

मी तिच्या शेजारी बसले. “छान म्हणजे कसे गं?”

तिने बराच विचार केला. “निळे.”

“निळे?”

“जीन्सचा रंग लागतो ना. घासला तरी नखांत राहतो.”

तिने ‘छान’ खोडून ‘निळे’ केलं आणि पुढे लिहिलं, ‘ती दमलेली घरी येते.’ मला फार आनंद झाला. शनिवारी पालकांसमोर मुलं आपापलं लेखन वाचणार होती. हिचं तर ठेवायचंच, असं मी ठरवलं.

पण तिने घरी वाचून दाखवलं असावं. दोन दिवसांनी कामावर जाण्याआधी तिची आई शाळेत आली. ओढणीत हात गुंडाळून दारातच उभी राहिली.

“बाई, ते निळं तेवढं काढायला सांगा ना. सगळ्यांसमोर कसं दिसेल? गोरे, नाजूक असं काहीतरी लिहायला सांगा. पुस्तकात असतं तसं.”

शब्द मुलीचा असला तरी हात तिचे होते. म्हटलं, “तुम्हाला नको असेल तर ती नाही वाचणार.”

मुलीला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. तिने निळे खोडलं आणि विचारलं, “गोरे लिहू?”

“आहेत का?”

“नाही.”

“मग रंग राहू दे. ते हात काय करतात, ते आठव.”

मधल्या सुट्टीनंतर तिने वही आणून दिली. ‘ती दमलेली घरी येते’च्या पुढे लिहिलं होतं, ‘आई कामावरून येते तेव्हा मी शाळेच्या शर्टातच असते. ती मला जवळ घेते, पण हात पाठीला लावत नाही. दोन्ही हात वर धरते. माझा शर्ट पांढरा असतो.’

मी पेन टोपण लावून ठेवून दिलं.

शनिवारी आईला मी जरा लवकर बोलावलं. रिकाम्या वर्गात मुलीने तिला वाचून दाखवलं. आई ऐकतच राहिली.

“मी असं करते?”

“रोज,” मुलगी म्हणाली.

“मला तर माहीतच नाही.” तिने ओढणीतून हात बाहेर काढले, उलटसुलट करून पाहिले. “परत वाच बरं.”

मुलीने परत वाचलं. या खेपेला आईने मध्येच थांबवलं. “ते निळं घाल तिथे. नाहीतर कुणाला कळणार, मी हात वर का धरते ते? आणि दमलेली काढ. मी कुठे दमलेली असते? मला घरी यायची घाई असते.”

“मग धावत येते लिहू?”

“धावायला जागा असते का रस्त्यावर! झपाझप येते, असं लिही.”

“झपाझप,” मुलगी स्वतःशी म्हणाली. तिला शब्द आवडला होता. तिथेच खाली बसून तिने तो लिहिला आणि आई तिच्या खांद्यावरून वाकून, अक्षर अन् अक्षर बघत होती.

कार्यक्रमात तिने न अडखळता वाचलं. शेजारी बसलेल्या बाईने तिच्या आईच्या कानात काहीतरी विचारलं, तेव्हा आईने सरळ तळवे उघडून तिला दाखवले. कार्यक्रम संपल्यावर ती चहालाही थांबली नाही, लेकीला घरी सोडून कारखान्यात अर्धा दिवस भरायचा होता. मी वरच्या व्हरांड्यातून पाहत होते. आई फाटकाबाहेर पडली होती आणि लेक दप्तर सावरत मागून ओरडत होती, “आई, जरा हळू ना!”